करडीची पिशवी

कुठलंही कबूतर हातात आलं की घड्याळजी आधी त्याच्या डोळ्यांकडे पाहत नसे, पंखांकडेही नाही. अंगठा आणि पहिलं बोट तो त्याच्या गळ्याखाली न्यायचा. तिथे छाती सुरू होण्याआधी कातडीच्या आत एक मऊ पिशवी असते, ती तो हलकेच चाचपायचा. पाखराने टिपलेला दाणा थेट पोटात जात नाही. आधी या पिशवीत साठतो, भिजतो, फुगतो आणि मग सवडीने खाली उतरतो. पिशवी चाचपून घड्याळजी सांगायचा की याने सकाळी मका खाल्लाय, वाटाणे दोनच, आणि पाणी अजून प्यायलेलं नाही. त्याला खोटं पाडायला म्हणून लोकांनी पुष्कळदा परीक्षा घेतली, पण दर वेळी त्याचंच खरं निघालं. याच्या बोटांना डोळे आहेत, असं गल्लीतले लोक म्हणत. होतेच. काळीज मात्र त्या बोटांपर्यंत कधी पोचलं नव्हतं, आणि ही सगळी गोष्ट त्याचीच आहे.

धंदा घड्याळं दुरुस्त करण्याचा. जिन्याखालचं दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं तर घड्याळजीला उभं राहायला जागा उरत नसे. म्हणून तो कुणासाठी उठतच नसे. काचेच्या टेबलावर उपड्या वाटीखाली बारीक चाकं आणि स्क्रू, डाव्या डोळ्यात भिंग, हातात चिमटा. भिंतीवर अकरा घड्याळं होती आणि अकराही एकाच क्षणी टोले द्यायची. एखादं अर्ध्या मिनिटाने मागे पडलं तर त्याला घास गोड लागत नसे. दुकानाच्या वर दोन खोल्या, त्यांच्यावर लोखंडी शिडीने चढायची गच्ची, आणि गच्चीवर त्याची ढाबळ. फळ्या ठोकून केलेले छत्तीस खण, दर खणात एक जोडी, आणि पुढच्या बाजूला लोंबत्या तारांची एक खिडकी. त्या तारा आतल्या बाजूला हलत, बाहेरच्या बाजूला नाही. पाखराला तारा ढकलून आत येता येई, परत जाता येत नसे. ती खिडकी घड्याळजीने स्वतः बनवली होती आणि आल्यागेल्याला तो ती कौतुकाने दाखवायचा.

गल्लीत कबूतरं पाळणारे पाच-सहा जण होते, आणि वर्षातून एकदा त्यांची लांब पल्ल्याची शर्यत व्हायची. सगळ्यांची पाखरं टोपल्यांत घालून ट्रकने दूर नेत आणि सकाळी तिथून एकदम सोडत. प्रत्येकाच्या पायात रबराची कडी असे. पाखरू घरी आलं की ती कडी काढून शर्यतीच्या घड्याळाच्या पेटीत टाकायची आणि खटका दाबायचा. खटका दाबला तीच वेळ धरली जाई. म्हणजे पाखरू नुसतं छपरावर येऊन बसलं तर काही उपयोग नाही, ते खिडकीतून आत शिरलं पाहिजे. खाली मालक डबा खुळखुळवून काकुळतीला आलाय आणि पाखरू छपरावर मान वाकडी करून त्याची गंमत बघतंय, अशा अवस्थेत पुष्कळांनी हातातली शर्यत घालवली होती. एक मोठा शब्द निघाला तरी ते बिचकून उडायचं आणि अर्धा तास घिरट्या घालायचं. म्हणून शर्यतीच्या दिवशी गच्चीवर कुणी आवाज काढत नसे. शिंक आली तर नाक दाबून धरायची.

कोपऱ्यावरचा पाववाला हा घड्याळजीचा जुना प्रतिस्पर्धी. तो आपली पाखरं शर्यतीआधी अर्धपोटी ठेवायचा. भूक लागली की येतील घरी, एवढंच त्याचं शास्त्र. घड्याळजी त्याला हसायचा. स्वतःची भूक पाखराला कुठेही भागवता येते, वाटेत शेत दिसलं की उतरून ते पिशवी भरून घेईल. पण पिल्लांची भूक घरी आल्याशिवाय भागत नाही. अंडी फुटायच्या एक-दोन दिवस आधीपासून कबुतरांच्या त्या पिशवीला आतून घट्ट, पांढरट दूध सुटतं. मादीला सुटतं तसं नरालाही सुटतं, आणि दोघंही पिल्लाची चोच आपल्या चोचीत घेऊन ते ओततात. आठ-नऊ दिवसांनी दूध आटायला लागतं आणि त्याच्या जागी पिशवीत भिजलेले दाणे येतात, पण पिल्लाला अजून स्वतः काही टिपता येत नाही. नेमक्या त्या दिवसांत मादीला शर्यतीला पाठवायचं, ही घड्याळजीची युक्ती. पिशवी ठणकत असते, घरी दोन चोची उघड्या असतात, ती वाटेत पाणी प्यायलाही उतरत नाही.

यात त्याने आणखी एक भर घातली होती. मादी टोपलीत गेली की तो नरालाही खणातून काढून वेगळा कोंडायचा. पिल्लं उपाशी राहिली की किंचाळतात. मादी छपरावर उतरली की तिला तो आवाज ऐकू येतो आणि ती सरळ खिडकीत घुसते. एका दिवसाच्या उपासाने पिल्लू मरत नाही, हे त्याने करून पाहिलं होतं. कसं करून पाहिलं होतं, ते विचारू नये.

बायको या घरात आली तेव्हा तिला कबुतरांच्या वासाने मळमळायचं. लग्नानंतर पाचव्या दिवशी त्याने तिला गच्चीवर नेलं, एक पाखरू तिच्या हातात दिलं, तिचं बोट धरून पिशवीवर ठेवलं आणि विचारलं, हाताला काय लागतं. तिने डोळे मिटले. दाणे, म्हणाली, आणि मध्ये एक खडा. त्याने पाखरू घेऊन पाहिलं तर खडा होता. त्या दिवशी तो तिच्याशी तासभर बोलला. पुढे इतका सलग कधी बोलला नाही.

करडी ही तिने वाढवलेली. एका जोडीला ससाण्याने उचललं आणि मागे आठवड्याचं एकच पिल्लू राहिलं, काळंनिळं, अंगावर चार पिवळे केस. घड्याळजी ते गच्चीवरून खाली टाकायला निघाला होता. तिने ते ओंजळीत घेतलं आणि स्वयंपाकघरात नेलं. भिजवलेले वाटाणे ती स्वतःच्या तोंडात चावून मऊ करायची, पिल्लाची चोच ओठांत धरायची आणि जिभेने घास ढकलायची. एकदा पिशवी तुंबून दगडासारखी झाली, तर कोमट पाणी पाजून, वरून खाली, वरून खाली, अशी तासतासभर चोळत बसली. आता अंडी घालायचीच काय ती बाकी ठेवलीस, असं घड्याळजी म्हणायचा. तीन आठवड्यांत त्या गोळ्याचं करड्या रंगाचं नेटकं पाखरू झालं, आणि दोन वर्षांत ढाबळीतली सगळ्यात वेगवान मादी. मग मात्र घड्याळजीला ती त्याची वाटायला लागली. माझी आहे ती, असं बायको एकदा सहज बोलून गेली. ढाबळ कुणाची, एवढंच त्याने विचारलं.

बायको माहेरी गेली की उशिरा परतायची, ही त्याची मोठी तक्रार होती. चार दिवस म्हणून जायची आणि दहा दिवसांनी उगवायची. आई, एक भाऊ, भावाची बायको, असं माहेर. एकच खोली आणि दोन खाटा. तिला तिथे जमिनीवर झोपावं लागायचं, तरी तिचा पाय निघत नसे. घड्याळजीने भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, काही फरक पडला नाही. मग त्यांना मुलगी झाली.

मुलगी तीन महिन्यांची असताना भावाकडे काही कार्य निघालं. जा, तो म्हणाला, पोर राहू दे इथे, उन्हाचं कशाला नेतेस. ती सकाळच्या बसने गेली आणि दुपारी धावत परत आली. पुढचे कपडे दुधाने भिजलेले, डोळे लाल. घड्याळजीने भिंतीकडे पाहिलं आणि सांगितलं, आठ तास पन्नास मिनिटं. हा किस्सा त्याने पाववाल्याच्या दुकानात चारचौघांत रंगवून सांगितला, आणि मंडळी पोट धरधरून हसली. बायकोला तो खालच्या शिंपीणबाईकडून कळला. तिला समजलं एवढंच त्याला दिसलं, आणि त्याला तेवढं पुरेसं होतं.

त्या वर्षीची शर्यत शुक्रवारी ठरली होती. गुरुवारी दुपारी शिंपीणबाईच्या फोनवर भावाचा निरोप आला की आईचं आता काही खरं नाही, तिला बघायचं असेल तर आजच निघ. घड्याळजी तेव्हा करडीची पिशवी चाचपत होता. पिल्लं आठ दिवसांची, पिशवी दुधाने आणि भिजल्या दाण्यांनी टम्म, सगळं मनासारखं जुळून आलेलं. संध्याकाळी टोपली द्यायची होती. नराला त्याने आधीच कोपऱ्यातल्या पेटीत कोंडलं होतं.

बायको पोरीला कडेवर घेऊन वर आली आणि निघते म्हणाली. त्याने करडीला टोपलीत ठेवलं, झाकणाची दोरी आवळली आणि मग हात पुढे करून पोरीला घेतलं.

"शनिवारी चारला इथे हजर हो," तो म्हणाला. "ही राहील."

ती पाच महिन्यांची आहे, अंगावरच्या दुधाशिवाय काही घेत नाही, हे तिने त्याला सांगितलं. जणू त्याला ठाऊक नव्हतं.

"म्हणूनच," तो म्हणाला.

पोरीला नेलं तर तू कधी परत येशील, असं त्याने विचारलं, आणि आईचं झालं की येईन असं ती म्हणाली, तेव्हा त्याने अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं की मरणाला काही वेळ ठरलेली नसते. नेलीस तर मग तिकडेच राहा. ती कुठे राहणार होती? त्या खोलीत आणखी एक माणूस मावत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. जाण्याआधी तिने खणात हात घालून दोन्ही पिल्लांचे गळे चाचपले. नराला यांच्याजवळ सोडा, एवढं म्हणाली. तो बघू म्हणाला. ती शिडी उतरली आणि शिंपीणबाईच्या दारात थांबून काहीतरी बोलून गेली.

शुक्रवारी जिथून पाखरं सोडायची तिथे दाट धुकं पडलं आणि शर्यत एक दिवस पुढे गेली. निरोप आला तेव्हा घड्याळजी दुकानात होता. वरच्या खोलीत पोर रडत होती, गच्चीवर पिल्लं किंचाळत होती. दुसरा कुणी असता तर नराला सोडून मोकळा झाला असता, एका खिळीचं तर काम. घड्याळजीने हिशेब केला. शुक्रवारी नराने पिल्लांना भरवलं तर शनिवारी ती गप्प बसतील, आणि करडी छपरावर बसून राहील. नऊ दिवसांच्या पिल्लाला अंगावर पुष्कळ चरबी असते, आणखी एक दिवस निघेल. त्याने खणात हात घालून पाहिलं. पिशव्या रिकाम्या, बोटाला कातडीच कातडीला लागत होती. पिल्लांनी त्याच्या बोटालाच चोची लावल्या. वा, तो म्हणाला, जोर आहे.

शिंपीणबाई दोनदा वर आली. पोरीला माझ्याकडे दे, बाटलीने पाजते, नाहीतर पोर हातची जाईल, असं तिने त्याला सुनावलं. पन्नाशीची बाई, तोंडाची तिखट, सहसा कुणाचं ऐकून न घेणारी. घड्याळजीने तिला शांतपणे सांगितलं की एकदा बाटलीची गोडी लागली की पोर आईला विचारणार नाही, आणि मग सगळाच कारभार बिघडेल. चमच्याने पाणी पाजलंय. रडू दे थोडं, फुप्फुसं मोकळी होतात. अशी माणसं असतात हे शिंपीणबाईने ऐकलं होतं, पण आपल्याच डोक्यावर राहत असतील असं तिला वाटलं नव्हतं. तो गच्चीवर गेला की ती जिना चढायची, दुधात कापडाची वात भिजवायची आणि पोरीच्या तोंडात धरायची. चोखलं तेवढं चोखलं, उरलेलं गालावरून ओघळलं. ती पोर त्या दोन दिवसांतून वाचली ती शिंपीणबाईमुळे, बापामुळे नाही.

शनिवारी सकाळी आठला पाखरं सुटली. एकपर्यंत यायला हवी होती, पण वारा उलटा होता. घड्याळजी बारापासून गच्चीवर खुर्ची टाकून बसला. शेजारी शर्यतीचं घड्याळ, मांडीवर मक्याचा डबा, डोळे आभाळाला लावलेले. एक वाजला, दोन वाजले. पाववाल्याच्या छपरावरही काही हालचाल नव्हती, एवढंच समाधान. खाली पोरीचा आवाज बंद झाला होता. ढाबळीतूनही आवाज येत नव्हता, पण उठून बघायला जावं तर तेवढ्यात पाखरू यायचं. पिल्लं दमली असतील, त्याने मनाशी म्हटलं, आई आली की ओरडतील.

चारला वीस मिनिटं असताना खाली दार वाजलं. त्याने मनगटाकडे पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. थोड्या वेळाने शिडी कुरकुरली. बायको पोरीला छातीशी धरून वर आली. पोर पीत होती, मध्येच दचकून थांबत होती, पुन्हा पीत होती. बायकोचा चेहरा प्रवासाच्या धुळीने माखलेला होता. ती काही बोलायच्या आत त्याने ओठावर बोट ठेवलं.

"आई गेली," ती कुजबुजली. "एक वाजून दहा मिनिटांनी. मी बसमध्ये होते. शिंपीणबाईला फोन आला होता."

साडेअकराला ती आईचा हात सोडून निघाली होती. एवढ्यात निघालीस का, असं आईने विचारलं होतं, आणि पोर एकटी आहे असं तिने सांगितल्यावर, जा बाई, म्हणाली होती. हे तिने त्याला तसंच हळू आवाजात सांगितलं. तो ऐकत होता. डोळे मात्र आभाळावर होते, कारण पूर्वेकडे एक ठिपका दिसल्यासारखा वाटत होता. तो कावळा निघाला.

"वेळेत निघालीस ते बरं झालं," तो म्हणाला. "नाहीतर तिकडेच अडकली असतीस."

यात आपण काही वावगं बोललो असं त्याला वाटलं नाही. उलट त्याला वाटलं की आपण तिची समजूत काढली.

ती ढाबळीच्या मागच्या दाराने आत गेली. करडीच्या खणात तिने हात घातला, आणि तो बराच वेळ आत ठेवला. घड्याळजीने मान न वळवता विचारलं, कशी आहेत. तिने हात बाहेर काढला आणि बोटं कपड्याला पुसली.

"झोपलीत," ती म्हणाली. "करडी आली की उठतील."

मग ती शिडी उतरून गेली. चहा टाक, असं त्याला सांगायचं होतं, पण मोठ्याने बोलायची सोय नव्हती.

पाच-दहा मिनिटं गेली असतील. त्याचं लक्ष सहज खाली गल्लीत गेलं. बायको शिंपीणबाईच्या दारातून बाहेर पडत होती. खांद्याला तीच बॅग, जी तिने सोडलीच नव्हती, आणि दुसऱ्या खांद्यावर पोर. शिंपीणबाईने पोरीच्या डोक्यावरून फडकं सारखं केलं. बायको बसच्या रस्त्याला लागली. चाल रोजचीच होती, घाई नव्हती, मागे बघणंही नव्हतं.

घड्याळजी उठला. माहेरची ती खोली त्याच्या डोळ्यांपुढे आली. दोन खाटा, आणि त्यातली एक आज दुपारपासून रिकामी. इतकी वर्षं जो हिशेब बिनचूक होता, तो एका खाटेने चुकला होता. शिडी उतरून धावलं तर कोपऱ्याच्या आत तिला गाठता येत होतं. पोरीला हातातून काढून घेतली की संपलं, ती आपोआप मागे आली असती.

आणि त्याच क्षणी पाववाल्याच्या धुराड्यावरून करडी आली. पंख मिटून, खाली झेपावत, अगदी एकटी. आभाळात दुसरं पाखरू नव्हतं. तिने गच्चीवर एक गिरकी घेतली आणि ढाबळीच्या छपरावर उतरली. पायात लाल कडी स्पष्ट दिसत होती.

शिडी छपराला लागूनच होती. तो हलला तर ती उडणार. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारायची तरी पंचाईत. मग त्याने काय केलं, तर बायकोला हळूच हाक मारली. थांब, तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. थांब गं. शेजारच्या गच्चीवरच्या माणसालाही ते ऐकू गेलं नसतं. बायको शेजारच्या घराची भिंत मागे टाकून गेली, विजेचा खांबही. घड्याळजीने डबा उचलला आणि दाणे हलकेच खुळखुळवले. ते करडीसाठी होतं.

करडी आत जाईना. तिने मान वाकडी करून कान दिला. दमाने तिची चोच उघडी पडली होती, गळ्याखालची पिशवी तटतटून एका बाजूला झुकली होती. ती दोन पावलं खिडकीकडे आली आणि पुन्हा थांबली. आतून काहीच आवाज येत नव्हता. ओरडा रे, घड्याळजी मनात म्हणत होता, ओरडा आता, मेल्यांनो. गल्लीच्या टोकाला बायको वळली आणि दिसेनाशी झाली. करडी कान देऊन बसली होती. सात मिनिटं झाली. पाववाल्याच्या गच्चीवर एक पाखरू उतरलं, सरळ आत गेलं, आणि पाववाल्याच्या पोरांनी आरोळी ठोकली.

त्या आरोळीने करडी दचकली आणि तारा ढकलून आत शिरली. घड्याळजीने आत जाऊन तिला धरलं नाही. कडीचा आता उपयोग नव्हता. तो फळीच्या फटीतून बघत राहिला. पिल्लं ताठ झाली होती, माना एकमेकींवर टाकलेल्या. करडीने एकाची चोच आपल्या चोचीत घेतली, अंगाला झटके देऊन पिशवीतलं वर आणलं आणि ओतलं. ते पिल्लाच्या गालावरून गवतावर सांडलं. मग तिने दुसऱ्याची चोच घेतली.

संध्याकाळी तो खाली उतरला तेव्हा घरात दिवा नव्हता. अकरा घड्याळांनी एकदम टोले दिले. घड्याळजी हातपाय गाळून बसणारा माणूस नव्हता. ती परत येण्यासाठी तिचं काहीतरी इथे असलं पाहिजे, एवढा नियम त्याला पक्का माहीत होता, म्हणून तो शोधायला लागला. कपाट उघडलं. कपडे होते, पण कपड्यांसाठी कुणी चार तासांचा प्रवास करत नाही. दात मोडलेला कंगवा, पोरीची दुपटी, आईने दिलेली एक पितळी डबी, तीही रिकामी. त्याने भांडी पाहिली, गादी उलटून पाहिली. पाच वर्षं त्या बाईने या घरात काढली होती, आणि घरभर शोधून तिला ओढून आणील अशी एक वस्तू त्याच्या हाताला लागली नाही. आई होती तिकडे, ती गेली. पोर होती, ती तिने नेली.

मग त्याला करडी आठवली.

सोमवारी सकाळी करडीने दाण्याला तोंड लावलं नाही. तिची पिशवी रिती व्हायला जागाच नव्हती, आणि आतलं सगळं नासून घट्ट झालं होतं. घड्याळजीने चोळून पाहिलं, पण घड्याळाच्या चाकांना सरावलेल्या त्या बोटांना ते जमेना, करडी नुसती मान टाकायची. दुसऱ्या कुठल्या जोडीची पिल्लं तिच्याखाली सरकवली तर त्यांना भरवून ती मोकळी होईल, हे त्याला सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि त्याने ते केलं नाही. तिला तशीच छातीशी धरून तो शिंपीणबाईच्या दारात गेला. आजवर तो कुणाच्या दारात जाऊन उभा राहिला नव्हता. फोन लावा, तो म्हणाला. तिला सांगा, तुझी करडी मरायला टेकलीय. पिशवी तुंबलीय, माझ्या हाताला दाद देत नाही. एक दिवस ये आणि मोकळी करून जा.

शिंपीणबाईने मशीन थांबवलं, त्याच्याकडे पाहिलं, करडीकडे पाहिलं. पाखराचा तिला कळवळा आला, म्हणून तिने फोन लावला आणि आतल्या खोलीत जाऊन बोलली. पाच मिनिटांनी बाहेर आली.

"पिल्लं मेलीत हे तिला शनिवारीच कळलं होतं," ती म्हणाली. "हात लावून बघितला होता तिने. गार होती."

घड्याळजीला ती खुर्ची आठवली, मांडीवरचा डबा, आणि झोपलीत म्हणतानाचा बायकोचा आवाज. तिने त्याला जाणूनबुजून तिथे बसवून ठेवलं होतं.

"आणि करडीचं?" त्याने विचारलं.

शिंपीणबाई मशीनवर बसली. सुईत दोरा ओवायला तिला जरा वेळ लागला.

"करडीचं तीनदा विचारलं मी," ती म्हणाली. "मरू दे, म्हणाली."

मशीन पुन्हा सुरू झालं. घड्याळजी दारातच उभा राहिला. त्याची बोटं सवयीने करडीच्या गळ्याखाली गेली होती. पिशवी दगडासारखी लागत होती, आणि ती मोकळी कशी करायची हे त्या घरात एकाच माणसाला येत होतं.